पहिलं ताट

थेरॉन मोसलीच्या कॉलरवर लेफ्टनंटच्या हुद्द्याची खूण, चांदीचं छोटं बिगुल लागलं, तेव्हा मी सगळ्यांत जोरात टाळ्या वाजवल्या. वाजवणं भागच होतं, कारण सभागृहातला प्रत्येक माणूस थेरॉनकडे न बघता माझ्याकडे बघत होता. हा पेटवे, म्हणजे मी, काय करतो ते बघायला आले होते मेले. मी हात लाल होईपर्यंत टाळ्या पिटल्या आणि घरी येऊन माझ्या बायकोच्या, व्हर्नीसच्या आवडत्या कुंडीला लाथ घातली.

गोरा माणूस माझ्या डोक्यावरून पुढे गेला की मला राग येतो. तो राग माझ्या ओळखीचा आहे, आमच्या घरात तो वडिलांच्या शेजारी जेवायला बसायचा. पण जळायला आपला माणूस लागतो. थेरॉन माझा इतका आपला, की त्याला बंब चालवायला मी शिकवलं. नदीकाठच्या उतारावर भरल्या टाकीचा बंब कसा रोखायचा, होजच्या नळीत पाण्याला दाब किती द्यायचा म्हणजे पुढचा माणूस उडून पडणार नाही, सगळं. माझ्या आईने त्याला तिच्या हातचे कांद्याच्या ग्रेव्हीतले पोर्क चॉप्स शिकवले. मला नाही शिकवले, मी चुलीपाशी उभा राहिलो की भांडी पडतात म्हणे.

आता मागचं सांगतो. अलाबामातल्या आमच्या शहराच्या अग्निशमन दलात लेफ्टनंट व्हायला दोन परीक्षा असतात. एक लेखी आणि एक तोंडी. लेखीत मी पहिला यायचो. मग तोंडीला दलाचे प्रमुख चीफ ब्रँटली आणि त्यांचे दोन गोरे दोस्त टेबलामागे बसायचे आणि त्यांना माझ्यात नेतृत्वाची चमक दिसायची नाही. ती गोऱ्या कोडी स्ट्रिकलंडमध्ये मात्र दिसली. हा तोच कोडी, ज्याला त्याच्या पहिल्याच पेटलेल्या स्वयंपाकघरातून मी पट्ट्याला धरून बाहेर ओढला होता. दलात आम्ही काळे बरेच होतो, पण सगळे होज धरायला आणि बंब हाकायला. कॉलरवर बिगुल एकाच्याही नव्हतं.

दुसऱ्यांदा असं झालं तेव्हा मी वर्णभेदाची तक्रार केली. सही करायला आणखी चौघा-पाचांना विचारलं. थेरॉन म्हणाला, "भावा, पोरगी कॉलेजला चाललीय. मला यात ओढू नकोस." मी म्हटलं, ठीक आहे.

तक्रार पोचली त्याच आठवड्यात स्टेशनच्या भिंतीवरून माझा मग गायब झाला. आमच्याकडे प्रत्येकाचा मग आपापल्या खिळ्यावर टांगलेला असतो. माझा सिंकखालच्या कपाटात फिनेलच्या बाटलीशेजारी सापडला. कॅप्टन हॉबसन माझ्या पाठीवर हात ठेवून म्हणाले, "पेटवे, उद्यापासून डबा घरून आणत जा. पोरांना तुझ्यासमोर मोकळं बोलता येत नाही. तू सगळं वकिलाला जाऊन सांगशील."

बाहेरच्या माणसाला यात काय एवढं वाटेल. पण आम्ही चोवीस तास एकत्र राहतो, एकत्र रांधतो, एका टेबलावर जेवतो. ज्याच्याबरोबर जेवलो त्याच्यामागे आगीत शिरायचं असतं. टेबलावरून उठवणं म्हणजे चक्क वाळीत टाकणं. मग माझी बदली झाली गुरांच्या बाजाराजवळच्या स्टेशनवर. तिथला बंब धुवायलाच काय तो बाहेर निघतो. तिथेही मी माझा डबा गाडीत बसून खायचो.

अशात लेफ्टनंटची जागा पुन्हा निघाली. लेखीत पुन्हा मी पहिला, थेरॉन बराच खाली. आणि बिगुल थेरॉनला.

वकीलबाई पॉलीन शेल्टन यांनी कपाळाला हात लावला. "हुशार आहेत हो तुमचे चीफ. आता शहराच्या कर्मचारी मंडळापुढे सुनावणीत ते सांगतील, भेदभाव कसला? हा बघा आमचा काळा लेफ्टनंट."

म्हणजे तक्रार मी केली, डबा गाडीत मी खाल्ला, आणि माझ्या तक्रारीला आलेलं फळ थेरॉनच्या कॉलरवर. चर्चमध्ये पाद्रीबाबांनी त्याला पुढे बोलावलं. बायका डोळे पुसत होत्या. त्याची बायको नवी टोपी घालून अशी बसली होती, की जणू बिगुल तिलाच मिळालंय. बाहेर पडताना अर्लीनमावशींनी मला गाठलं. "हॉलिस, तुझी ती केस अजून चालूच आहे का रे बाबा? आता झाला की आपला माणूस लेफ्टनंट! पुरे कर हो."

"मावशी, तुमची टोपी छान आहे," मी म्हटलं आणि गाडीत जाऊन स्टिअरिंगवर बुक्की मारली.

आमच्या दलात एक रीत आहे. ज्याला बढती मिळते त्याने आपल्या हाताने रांधून सगळ्यांना जेवू घालायचं. पहिलं ताट त्याला वाढायचं, ज्याने आपल्याला काम शिकवलं. तो हयात नसेल तरच हजर असलेल्या सगळ्यांत मोठ्या साहेबाला. ते ताट घेणाऱ्याने पहिला घास खाल्ल्याशिवाय दुसऱ्या कोणी काट्याला हात लावायचा नाही. हे कुठे लिहिलेलं नाही, पण कोणी मोडतही नाही.

थेरॉनने मला जेवणाला बोलावलं. मी जाणार नव्हतो.

"जा," व्हर्नीस म्हणाली. "नाही गेलास तर म्हणतील, पेटवे जळतो."

"जळतोच मी."

"मग आंघोळ करून जळ. शर्ट इस्त्री करून ठेवलाय."

गेलो. माझ्या जुन्या स्टेशनच्या स्वयंपाकघरात पाऊल टाकलं आणि वासानेच माझं डोकं फिरलं. कांद्याची ग्रेव्ही. माझ्या आईची! या माणसाने बिगुल तर घेतलंच, वर माझी आई पातेल्यात घालून चीफ ब्रँटलींना वाढायला निघाला होता. टेबलाच्या टोकाला चीफ, शेजारी हॉबसन, पुढे सगळी शिफ्ट. भिंतीवर माझ्या खिळ्याला दुसऱ्या कोणाचा तरी मग.

थेरॉनने ताट भरलं आणि टेबलाला वळसा घालून माझ्यापाशी आला. मी दाराशीच उभा होतो.

"हॉलिस, पहिलं ताट तुझं."

कॉलरवरचं बिगुल दिव्यात चमकत होतं आणि मला दुसरं काही दिसतच नव्हतं.

"मी घरून खाऊन आलोय," मी म्हटलं. "आणि या टेबलावर मला मनाई आहे, विसरलास? साहेबांना दे. तुला शिकवलंय त्यांनीच, दिसतंयच की."

कोणी खुर्चीसुद्धा हलवली नाही. पहिलं ताट नाकारलेलं आमच्याकडे कोणी पाहिलं नव्हतं. थेरॉन तसाच उभा, ग्रेव्ही कलंडून त्याच्या अंगठ्यावर आलेली. शेवटी चीफ हसले. "आण रे इकडे, मोसली. कशाला गार करतोस?"

त्यांनी पहिला घास घेतला. "वा," म्हणाले. मग सगळे जेवायला लागले. मी घरी येऊन कोरडा पाव खाल्ला, कारण घरून खाऊन गेलो होतो ही थाप होती.

सुनावणीच्या आधी शेल्टनबाईंनी मला बोलावून घेतलं. "शहराचा वकील थेरॉनला साक्षीला आणतोय. तो काय बोलणार ते आपल्याला कळायला हवं. तुम्ही त्याच्याशी बोला."

"मी त्याचं तोंड बघणार नाही."

"मिस्टर पेटवे, तुम्हाला केस जिंकायचीय की रुसून बसायचंय?"

"दोन्ही."

त्यांनी चष्मा काढून माझ्याकडे पाहिलं आणि पुन्हा घातला.

सुनावणीला थेरॉन गणवेशात आला. शहराचा वकील त्याच्याकडे अशा कौतुकाने बघत होता, जसा काही त्यानेच त्याला लहानाचा मोठा केला.

"लेफ्टनंट मोसली, आपण कृष्णवर्णीय आहात?"

"सकाळी दाढी केली तेव्हा तरी होतो."

मंडळातले लोकही हसले. वकील हसला. "आणि आपल्याला बढती कोणी दिली?"

"चीफ ब्रँटलींनी."

"म्हणजे त्यांच्या मनात रंगाचा प्रश्नच नाही. धन्यवाद."

झालं. मी मनात केस हरून मोकळा झालो. शेल्टनबाई उठल्या. त्यांना उत्तर माहीत नव्हतं, माझ्यामुळेच नव्हतं, तरी त्यांनी विचारलं, "तोंडी परीक्षेत तुम्हाला काय विचारलं?"

थेरॉनने आधी चीफकडे पाहिलं, मग माझ्याकडे. गळ्याशी बोट नेऊन बिगुल चाचपलं.

"एकच प्रश्न. मी पेटवेच्या टेबलावर जेवतो की त्यांच्या."

"तुम्ही काय म्हणालात?"

"तुमच्या, म्हणालो. मला बिगुल हवं होतं, बाई." "मग चीफ म्हणाले, पेटवेने ज्या दिवशी तक्रार केली त्या दिवशीच त्याचं भवितव्य संपलं. लेखीत शंभरदा पहिला येऊ दे. मी खुर्चीत आहे तोवर त्याला मिळणार नाही. तूही हे ध्यानात ठेव, म्हणाले."

चीफच्या मानेवर लाली चढत गेली. मागच्या बाकांवरून कोणीतरी "देवा!" म्हणालं. अर्लीनमावशी रुमाल काढून रडायला लागल्या. मंडळाच्या अध्यक्षबाई लिहायच्या थांबल्या.

माझी केस त्या क्षणी जिंकली गेली आणि माझ्या मनात पहिलं काय आलं? की हेसुद्धा त्यालाच! इतकी वर्षं सोसलं मी, आणि सगळी खोली डोळे भरून बघतेय थेरॉनकडे. उभा राहून खरं बोलायचा मान तरी माझा असायला नको होता का?

बाहेर व्हरांड्यात तो पाण्याच्या नळापाशी उभा होता. ओंजळीतलं पाणी शर्टावर सांडत होतं.

"का बोललास?" मी विचारलं. आभार मानायचे होते, पण तोंडातून हे निघालं.

"तू ताट घेतलं असतंस तर गप्प बसलो असतो," तो म्हणाला. "मनाला समजावलं असतं, हॉलिसने माफ केलंय, चला, संपलं. पण तू घेतलं नाहीस. आणि तुझ्या आईच्या हातची चव त्या माणसाने मिटक्या मारत चाखली. मी समोर उभा राहून वाढत होतो रे! त्या रात्रीपासून माझ्या घशाखाली काही उतरत नाहीये."

मी माझा रुमाल त्याला दिला, शर्ट पुसायला.

मंडळाने निकाल माझ्या बाजूने दिला. भेदभाव झाला आणि तक्रारीचा सूड उगवला गेला, दोन्ही. मला लेफ्टनंट करा, असा हुकूम निघाला. चीफ ब्रँटलींना समज मिळाली. खुर्ची मात्र शाबूत राहिली.

थेरॉनचा चाचणीचा काळ अजून संपला नव्हता. आमच्याकडे नव्या लेफ्टनंटला पहिले काही महिने चाचणीवर ठेवतात. त्या काळात कारण फारसं न देता खाली उतरवता येतं. माझ्या कॉलरवर बिगुल लागलं आणि पंधरवड्यात त्याचं काढलं. कामगिरी समाधानकारक नाही, म्हणे. पुन्हा बंबाचा ड्रायव्हर, आणि बदली गुरांच्या बाजाराजवळ. त्याचा मग कुठल्या कपाटात गेला ते मला विचारावं लागलं नाही. त्यानेही तक्रार केली, शेल्टनबाईंमार्फतच.

तरी चर्चमध्ये लोक उठून हात मिळवायचे ते त्याच्याशी. मला म्हणायचे, "अभिनंदन, हॉलिस," आणि त्याच्या खांद्यावर हात ठेवून काही न बोलता उभे राहायचे. बिगुल माझ्याकडे आणि ताठ मान त्याच्याकडे. मला तीही हवी होती. माझं हे असं आहे.

माझ्या बढतीच्या जेवणाच्या दोन दिवस आधी चीफनी मला केबिनमध्ये बोलावलं. बसायला सांगितलं, कॉफी दिली. कपात, बशीसकट.

"झालं गेलं विसरून जाऊ, पेटवे. आता तू आमच्या टेबलावरचा. तुझाही चाचणीचा काळ चालू आहे, तेवढं लक्षात असू दे. मोसलीने तोंड उघडलं, त्याचं काय झालं तू बघतोच आहेस. त्याची वकीलबाई तुझ्याकडे येईल. तुला काही ठाऊक नाही, बरोबर?"

मी कॉफी प्यायलो.

"जेवणाला येतो मी," ते म्हणाले. "तुला शिकवणारा टॉलिव्हर तर केव्हाच गेला बिचारा. म्हणजे पहिलं ताट माझंच." आणि मनापासून हसले.

दार बंद होतं, ऐकणारा मी एकटा. थेरॉनला हवी होती ती साक्ष माझ्या कानात येऊन पडली होती. ते बोललो तर माझं बिगुल महिनाभरही टिकणार नव्हतं. ज्याच्यासाठी मी अर्धं आयुष्य जळलो, ते बिगुल. घरी आल्यावर मी व्हर्नीसला सगळं सांगितलं. तिने ऐकून घेतलं आणि एवढंच विचारलं, "कांदे किती आणू?"

जेवणाच्या दिवशी माझ्या जुन्या स्टेशनवर, व्हर्नीसला मदतीला घेऊन, मी चॉप्स केले. भांडी पडली, ग्रेव्हीत गुठळ्या झाल्या. चीफ टेबलाच्या टोकाला बसले होते, शेजारी हॉबसन, कोडी, सगळी शिफ्ट. माझा मग कोणीतरी खिळ्यावर परत टांगला होता, चकचकीत घासून. मी पातेल्यावरून मान वर केली तर दाराशी थेरॉन. साधा निळा शर्ट, कॉलर मोकळी.

मी व्हर्नीसकडे पाहिलं. "मी बोलावलं," ती पाव कापता कापता म्हणाली. "तुझ्या आईची चव ठाऊक असलेलं कोणीतरी नको का?"

थेरॉन टेबलाजवळ आला नाही. त्याच्या जेवणाला मी उभा होतो त्याच जागी, दाराच्या चौकटीला टेकून उभा राहिला.

मी ताट भरलं. चॉप, भात, पालेभाजी, वर ग्रेव्ही. चीफनी नॅपकिन उलगडून मांडीवर घेतला. मी त्यांच्या खुर्चीपर्यंत गेलो आणि तसाच पुढे चालत राहिलो. त्यांनी पुढे केलेला हात हवेत राहिला.

"थेरॉन, पहिलं ताट तुझं."

"वेडा आहेस का?" तो दबक्या आवाजात म्हणाला. "तुझं बिगुल जाईल, भावा."

"माहितेय."

"आणि हे ताट शिकवणाऱ्याचं असतं. मी तुला काय शिकवलं? सगळं तूच मला."

"तोंड उघडायला तू शिकवलंस," मी म्हटलं, आणि सगळ्यांना ऐकू जाईल असं म्हटलं. "आधी तक्रार मी केली, पण साहेबासमोर बसून, जे हवं होतं ते हातात असताना खरं बोललास तू. माझ्याआधी. त्यासाठी अजून डूख आहे माझ्या मनात तुझ्यावर. चीफ परवा मला केबिनमध्ये काय म्हणाले, ते मी सोमवारी शेल्टनबाईंना सांगणार आहे. आता धर हे, हात भाजतोय माझा."

"पेटवे!" चीफ म्हणाले.

"जेवून घेऊ दे त्याला, साहेब," मी म्हटलं. "रीत आहे."

थेरॉनने ताट घेतलं. बसायला जागा नव्हती. सगळे खाली मान घालून बसले होते. मग कोडी स्ट्रिकलंड, तोच कोडी, खुर्ची सरकवून उठला, म्हणाला "बस" आणि स्वतः सिंकला टेकून उभा राहिला. चीफ ब्रँटलींनी नॅपकिन टेबलावर टाकला, टोपी उचलली आणि निघून गेले. हॉबसन त्यांच्या मागे गेले. बाकी कोणी उठलं नाही, आणि कोणी काट्यालाही हात लावला नाही. सगळे थेरॉनकडे बघत होते.

त्याने चॉप कापला, घास तोंडात घातला, बराच वेळ चावला. त्याचे डोळे भरून आले होते.

"गुठळ्या आहेत," तो म्हणाला.

"माहितेय."

"आणि मीठ कमी. तुझी आई असती तर तुला घराबाहेर काढलं असतं."

टेबलावर काटे वाजायला लागले. कोणीतरी पाव मागितला, कोणीतरी हसलं. मी त्याच्या शेजारी बसलो. मला एक घास जाईना. सोमवारनंतर मी कुठल्या स्टेशनवर असेन, कॉलरवर काय असेल, हेच डोक्यात घोळत होतं. आणि हा पठ्ठ्या महिन्याभराचा उपाशी असल्यासारखा जेवत होता. एवढी भूक! माझा पुन्हा जळफळाट झाला.

त्याने ताट पुसून काढलं आणि माझ्यापुढे केलं. "आणखी एक वाढ."

पातेल्यात एकच उरला होता, सगळ्यांत जाड. तो मी माझ्यासाठी बाजूला ठेवला होता. मी तो त्याच्या ताटात वाढला.